सदाशिवरावांची कावीळ

बेबीताई भाकर वाढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. सदाशिवरावांनी ताटावर हात पुढे केला होता, आणि तो तळहात पिवळा दिसत होता. हळद सांडल्यासारखा वरवर नाही, तर आतूनच पिकलेला, झाडावरच्या पपईसारखा.

“हात धुतले का तुमी?”

“धुतले ना.”

“पुन्हा धुवा.”

सदाशिवराव मोरीवर गेले आणि साबण लावून, चोळचोळ चोळून परत आले. हात आता स्वच्छ झाला होता, त्यामुळे आणखीच पिवळा दिसत होता. बेबीताईंनी दुसरा हात पाहिला. मग पाय पुढे करायला सांगितला. तळपायही तसाच. त्या भाकरीची टोपली तिथेच ठेवून भिंतीला टेकल्या.

“कावीळ झाली तुमाले,” त्या म्हणाल्या.

सदाशिवराव आपल्या हाताकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर तो हात पिवळा आहे की नाही, हेच त्यांना नीट दिसत नव्हतं. सगळी भानगड सुरू झाली होती ती तिथूनच.

यवतमाळकडच्या बाभुळगावपासून थोडं आत असलेल्या त्या गावात सदाशिवरावांचं कपाशी-तुरीचं शेत होतं, वणीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी करणारा कपिल नावाचा मुलगा होता, आणि अंगात बऱ्याच वर्षांपासून साखर होती. साखरेशी त्यांचं तसं जमलं होतं. सकाळी गोळी, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी शेतापर्यंत चक्कर. गोडाचं म्हणाल तर बेबीताईंच्या राज्यात त्यांना गुळाचा खडाही दिसत नसे. पण गेल्या पावसाळ्यानंतर डोळ्यांपुढे जाळं यायला लागलं. आधी वाटलं चष्मा मळला. चष्मा पुसून पुसून त्याची काडी ढिली झाली, पण जाळं काही हललं नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो पेपराला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा खेमसिंग हा सदाशिवरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी एकत्र गुरं राखली होती. शाळेत मात्र एकटे सदाशिवराव गेले. त्यामुळे रोज सकाळी गावातल्या चहाच्या हॉटेलात सदाशिवरावांनी पेपर मोठ्याने वाचायचा आणि खेमसिंगने ऐकायचा, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. आता सदाशिवरावांना मोठे मथळे तेवढे दिसत. खालच्या बातमीत नुसत्या मुंग्या चालत. हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी सोपा मार्ग काढला. मथळा पेपरातला वाचायचा आणि बातमी मनाने सांगायची. त्यामुळे त्या हॉटेलापुरते कापसाचे भाव वाढू लागले, यवतमाळच्या डेपोत नव्या गाड्या येऊ लागल्या, आणि जिथे तिथे कालव्याला पाणी सुटू लागलं. खेमसिंग “हो काय” म्हणत चहा पीत राहिला.

डॉक्टरकडे जायचं सोडून हा खटाटोप कशासाठी, असं कोणीही विचारेल. त्याचं कारण होतं सदाशिवरावांचे थोरले भाऊ, वामनराव. त्यांनाही साखर होती. डोळ्याला अंधारी येते म्हणून ते दवाखान्यात गेले आणि “उशीर झाला, हा डोळा गेला” असं ऐकून परत आले. सदाशिवरावांनी यातून आपल्यापुरता अर्थ काढला होता. वामनदादा दवाखान्यात गेले तेव्हा त्यांना थोडंफार दिसत होतं, आले तेव्हा डोळा गेलेला होता. म्हणजे जायचंच नाही.

अशात एका दुपारी त्यांच्या मोबाईलवर एक आवाज लागला. वाचता येत नव्हतं तरी ऐकता येत होतं. आवाज गोड होता आणि ठासून बोलत होता. साखरेच्या आजारात मेंदू आणि डोळे यांना जपणारी नैसर्गिक द्रव्यं आपल्या स्वयंपाकघरातच आहेत, असं तो म्हणाला. हळदीत कर्क्युमिन, पालकात आणि झेंडूत ल्युटिन, गाजरात आणि लाल भोपळ्यात कॅरोटिन, जवसात आणखी काही. सदाशिवरावांना वाटलं, हा माणूस आपल्याशीच बोलतो आहे. ती नावं त्यांनी व्याह्यांची नावं पाठ करावी तशी पाठ केली.

“कर्क्युमिन पाह्यजे शरीराले,” दुसऱ्या दिवशी ते खेमसिंगला म्हणाले.

“ते काय असते?”

“हळदीत असते.”

“मंग हळद म्हण ना बाप्पा.”

पण सदाशिवराव आता थांबणार नव्हते. सकाळी आवळ्याचा रस आणि हळदीचं पाणी. मग गाजरं. दुपारी लाल भोपळ्याची भाजी, जिला तिकडे कोहळं म्हणतात. संध्याकाळी पालक नाहीतर शेवग्याचा पाला. आणि मधेमधे भूक लागली की पुन्हा गाजरं. हिवाळ्यात गाजरं स्वस्त झाली तसे ते बाभुळगावच्या बाजारातून पिशवीऐवजी पोतं आणू लागले. अंगणातल्या झेंडूची फुलंही ते पहाटे उठून गुपचूप खात. बेबीताईंना देवाला फुलं सापडेनाशी झाली. त्यांनी शेजारच्या बकरीवर आळ घेतला, बकरीच्या मालकिणीशी बोलणं सोडलं आणि झेंडूभोवती काट्यांचं कुंपण घातलं. त्या काट्यांचे ओरखडे सदाशिवरावांच्या मनगटावर होते, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आणखी एक काम त्यांनी केलं. एवढं नैसर्गिक पोटात चाललं आहे तर रोज गोळी कशाला, असं ठरवून ती दिवसाआड केली. त्या आवाजाने असं काही सांगितलं नव्हतं. ही सदाशिवरावांची स्वतःची भर होती.

तर अशा रीतीने तळहात पिवळे झाले, आणि बेबीताईंनी कावीळ जाहीर केली.

बेबीताईंनी हे कोणालाही सांगितलं नाही. फक्त पलीकडच्या घरातून थोडा ऊस मिळेल का, एवढं विचारलं. पण गावात ऊस मागायला तीनच कारणं असतात, आणि त्यातली लग्न आणि दिवाळी त्या वेळी नव्हती. संध्याकाळपर्यंत ओसरीवर माणसं बसली. जो तो सदाशिवरावांचा हात उलटा करून बघे, मान हलवी आणि उसाचा रस पाजायला सांगे.

“यायले साखर आहे ना पण,” बेबीताई कळवळून म्हणाल्या.

“साखर कुठं पळून चालली?” एका म्हाताऱ्याने समजूत घातली. “कावीळ आधी उतरू द्या. साखरीचं मंग पाहू.”

बेबीताई घाबरलेल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला समोरचा जो पहिला उपाय सांगेल तो पटतो. त्यांनी स्वतःच्या हाताने पेला भरला आणि नवऱ्यापुढे धरला. सदाशिवरावांनी पेल्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोच्या हातून गोड म्हणून काही घेतलं नव्हतं. पहिला घोट घशाखाली गेला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“कडू लागते काय?” बेबीताईंनी विचारलं. काविळीत तोंड कडू होतं, असं त्यांनी ऐकलं होतं.

“थोडंसं,” सदाशिवराव म्हणाले. “पण आता औषध आहे म्हटल्यावर घ्याच लागन.”

मग घरात गोडाचा पूरच आला. कोणी रस आणला, कोणी खडीसाखर आणली, कोणी मनुका, तर कोणी ग्लुकोजचा डबा. सदाशिवराव पडल्या पडल्या सगळ्यांचा मान राखत होते. मनात कुठेतरी टोचत होतं की हे काही बरं नाही. पण बायको उशाशी बसून प्रेमाने पाजते आहे, गाव विचारपूस करतं आहे, आणि जिभेला चव आली आहे, तेव्हा ती टोचणी फार वेळ टिकत नसे. हळद बंद झाली, तेलतिखट बंद झालं. गाजर मात्र काविळीला चांगलं असतं असं कोणीतरी म्हणालं, त्यामुळे गाजरं चालू राहिली. गाजरं चालू राहिली म्हणून हात पिवळेच राहिले, आणि हात पिवळे राहिले म्हणून रसाचे पेले वाढले.

दोनतीन दिवसांत अवस्था बिघडली. तहान भागेना. रात्रंदिवस लघवीसाठी खेपा सुरू झाल्या. अंगात त्राण राहिलं नाही, आणि डोळ्यांपुढचं जाळं होतं तिथे आता धुकं उतरलं. कपिलला वणीला फोन गेला, तो तडक मोटारसायकल काढून निघाला आणि दुपारी अंगणात येऊन उभा राहिला. सदाशिवराव खाटेवर बसले होते. समोर कोणी उंचसा माणूस उभा आहे, इतकं त्यांना कळलं.

“या पाहुणे, बसा,” ते म्हणाले. “कोन्या गावचे?”

कपिल पुढे झाला. “बाबा, मी होय. कपिल.”

सदाशिवरावांनी मान वर करून त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. पोटच्या पोराचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. इतके दिवस जी भीती ते गाजरांखाली, पालकाखाली दाबत होते ती एकदम वर आली.

“मले दिसून नाही राह्यलं रे,” ते म्हणाले.

कपिलने मग कोणाचं काही ऐकून घेतलं नाही. गावातली काळीपिवळी जीप ठरवली, बापाला धरून आत बसवलं. बेबीताई बसल्या, आणि कोणी न बोलावता खेमसिंगही धोतर सावरत चढला.

जीप यवतमाळच्या वाटेला लागली. मग सदाशिवरावच म्हणाले, “खेमसिंग, तुले एक सांगाचं होतं. पेपर मले कईचाच दिसत नाही. बातम्या मी मनानंच सांगत होतो.”

“मालूम आहे मले,” खेमसिंग म्हणाला.

“कसं मालूम?”

“कापूस मीबी विकतो ना. भाव मले नाही मालूम?”

“मंग बोलला काहून नाही?”

खेमसिंगने खिडकीबाहेर पाहिलं. “बातम्या चांगल्या होत्या,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “पण बोलाले पाह्यजे होतं. चुकलं माझं.”

दवाखान्यात नर्सने सदाशिवरावांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन छोट्या यंत्रात घातला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. तिने पुन्हा थेंब घेतला. पुन्हा तेच.

“काय म्हणते मशीन?” खेमसिंगने विचारलं.

“हाय म्हणते,” नर्स म्हणाली.

“साखर हाय, हे तर आमालेबी मालूम हाय. किती हाय, ते पाहा ना.”

“अहो काका, आकडा येत नाही इतकी जास्त आहे, म्हणून हाय लिहून येतं.” एवढं बोलून ती डॉक्टरांना बोलवायला धावली. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं, रक्त तपासायला गेलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहिला.

“याला कावीळ कोण म्हणालं?”

“गाव,” बेबीताई म्हणाल्या.

“काविळीत डोळे आधी पिवळे होतात. यांचे पांढरेशुभ्र आहेत. काका, तुम्ही गाजरं किती खाता?”

सदाशिवरावांना ग्लानी होती, पण हा प्रश्न कळला. “जरा बरी खातो,” ते म्हणाले. कपिलने घरातल्या पोत्याचं माप हाताने दाखवलं. डॉक्टर तोंड फिरवून बराच वेळ सलाईनची बाटली न्याहाळत राहिला. मग त्याने सांगितलं की गाजराचा रंग अंगात साचला आहे, तो आपोआप उतरेल, त्यात भिण्यासारखं काही नाही. भिण्यासारखं आहे ते हे उसाच्या रसाचं. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. सदाशिवरावांनी अंदाजाने हात पुढे करून त्यांचा हात धरला.

“तिची काही चूक नाही,” ते म्हणाले. “मलेच गोड लागत होता.”

चारपाच दिवसांत साखर ताळ्यावर आली. धुकं ओसरलं आणि कपिलचा चेहरा दिसू लागला. पण आधीचं जाळं होतं तसंच होतं. तेव्हा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं. या डॉ. उज्ज्वला राठोड, वयाने कपिलएवढ्या, बोलायला शांत. आडनाव ऐकून खेमसिंगने कुठल्या तांड्याच्या म्हणून चौकशी केली, दिग्रसकडच्या निघाल्या, आणि तो एकदम निर्धास्त झाला. सदाशिवराव मात्र खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले होते. वामनदादांचं काय झालं ते त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“त्यांना यायला उशीर झाला होता,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचं बघू तर द्या.”

थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, डोळ्यात प्रखर उजेड आला. डॉक्टर एकेक डोळा निरखून बघत राहिल्या. सदाशिवरावांनी तेवढ्या वेळात आपलं शेत, घर, बेबीताईंच्या कपाळावरचं कुंकू, सगळं एकदा मनात बघून घेतलं.

“डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात,” डॉक्टर म्हणाल्या. “पण पडदा शाबूत आहे. लेझर करू, साखर सांभाळू. आहे ती नजर राखता येईल, थोडी सुधारेलही. आणखी वर्षभर आला नसता तर मात्र मला असं सांगता आलं नसतं.”

सदाशिवरावांनी खुर्चीचे हात सोडले. मग म्हणाले, “म्हणजे डोळे गेले नाही?”

“नाही गेले.”

“मी तर काविळीसाठी आलतो.”

“झाली नाही तेही बरं,” डॉक्टर हसून म्हणाल्या, “आणि झाली असं वाटलं तेही बरं.”

सदाशिवरावांना मग धीर आला. त्यांनी घसा खाकरून ल्युटिनचं, कर्क्युमिनचं विचारलं. ते सगळं खोटं होतं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

“खोटं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “अशा द्रव्यांवर जगभर अभ्यास चालू आहे. काहींचा डोळ्यांना, मेंदूला उपयोग होईल असं दिसतंय. पण बरंचसं अजून प्रयोगशाळेत आहे, माणसांवर नक्की किती लागू पडतं ते ठरायचंय. तुम्ही पालक खा, शेवगा खा, जवसाची चटणी खा, हळद भाजीत असू द्या. जेवणात असतं तेवढं चांगलंच आहे. फक्त गोळी सोडून नाही, आणि पोत्याने नाही. आणखी काय खात होतात?”

“झेंडूची फुलं,” सदाशिवराव हळूच म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या बेबीताईंनी हे ऐकलं. गावी परतल्यावर पाय धुण्याआधी त्या बकरीच्या मालकिणीकडे गेल्या, आणि येताना बकरीला कोवळा पाला घालून आल्या.

लेझर झालं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर खेमसिंग डबा मांडीवर घेऊन बसला होता, कपिल औषधं आणायला गेला होता, आणि बेबीताई डोळ्यात घालायच्या थेंबांची वेळ तोंडपाठ करत होत्या. दिपलेल्या डोळ्यांनी सदाशिवरावांना हे सगळं अंधुक दिसत होतं. आपल्याकडे घरच्या माणसांचे आभार मानायची रीत नाही. मानायचे तर शब्द कोणते वापरायचे हेही त्यांना सुचेना. शेवटी ते खेमसिंगला म्हणाले, “जेवून घे. भाकर थंडी होऊन राह्यली.” खेमसिंगला ते बरोबर पोचलं असावं, कारण त्याने डबा उघडून पहिली भाकर सदाशिवरावांच्याच हातात दिली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण गाव बाकी होतं.

गाजरं थांबली तसे सदाशिवरावांचे हात उजळू लागले. लोकांनी ते पाहिलं आणि निष्कर्ष काढला की सदाशिवरावांची एवढी मोठी कावीळ बघता बघता उतरली, डोळेही सुधारले, तेव्हा यांच्याकडे काहीतरी जालीम चूर्ण आहे. सदाशिवरावांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. कावीळ नव्हतीच, गाजरं जास्त झाली होती, डोळ्याला लेझर केलं, गोळ्या रोज घेतो.

“गाजरानं कोनी पिवळं होते काय?” लोक म्हणत, आणि एकमेकांकडे बघत. सदाशिवराव औषध लपवतात, असंच सगळ्यांचं मत पडलं.

एका सकाळी खेमसिंगची वहिनी चंदाबाई तांड्यावरून आली. तिलाही जुनी साखर होती आणि दाराच्या चौकटीला धरत धरत ती आत आली. बेबीताईंनी नुकतीच जवसाची चटणी कुटून ताटलीत काढली होती.

“हेच काय ते चूर्ण?” चंदाबाईने विचारलं.

“अवो, चटणी होय ते,” बेबीताई म्हणाल्या.

“मले थोडंसंक द्या. तुमच्या पाया पडते.”

सदाशिवराव तिच्याकडे बघत होते. चौकटीवर चाचपडणारा तो हात त्यांनी ओळखला. डॉक्टरकडे जा असं खेमसिंगने तिला शंभरदा सांगितलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी बेबीताईंकडे एकदा पाहिलं आणि ताटली आपल्याकडे ओढली.

“देतो,” ते म्हणाले. “पण याचा नियम कडक आहे. आधी यवतमाळले जाऊन राठोड मॅडमले डोळे दाखवा लागतात. आतला पडदा पाह्यल्याशिवाय हे अंगी लागत नाही. आन् गोळी रोज घ्या लागते. एक दिवस चुकली, का याचा गुण गेला.”

चंदाबाईने नियम दोनदा म्हणून घेतला आणि त्याच आठवड्यात एसटीने यवतमाळ गाठलं.

“खोटं बोलता तुमी,” ती गेल्यावर बेबीताई म्हणाल्या.

“खरं सांगतलं तवा कोणी ऐकलं?” सदाशिवराव म्हणाले. बेबीताईंनी थोडा विचार केला आणि दुपारी जवस जास्तीचे भाजायला घेतले.

चंदाबाईच्या मागून तिची जाऊ गेली, मग हॉटेलवाला गेला, मग रस पाजायला सांगणारा तो म्हातारा. गावातून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत हल्ली कोणी ना कोणी डोळे दाखवायला निघालेलं असे. मग एका दुपारी सदाशिवरावांचा मोबाईल वाजला.

“काका, मी डॉक्टर राठोड. तुमच्या गावची माणसं येतात माझ्याकडे. फार चांगलं झालं, दोघातिघांचं तर अगदी वेळेवर सापडलं. पण तपासून झालं की सगळे एकच विचारतात, आता सदाशिवभाऊंचं चूर्ण घेतलं तर चालेल ना. कसलं चूर्ण देता तुम्ही?”

सदाशिवराव खाटेवरून उठून उभे राहिले. बेबीताई पदराचं टोक पिळत जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“चटणी आहे मॅडम,” ते म्हणाले. “जवसाची. हिच्या हातची.”

“नुसती चटणी?”

“कढीपत्ता आहे, लसूण आहे. तिखट बेताचं.”

 सदाशिवराव वाट बघत राहिले. ज्या बाईने डोळे वाचवले तिचीच बोलणी खायची वेळ आली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

“मग एक पुडी मलाही हवी,” डॉक्टर म्हणाल्या.

“तुमाले?”

“माझ्या याडीला. म्हणजे आईला. दिग्रसजवळ तांड्यावर असते, बिजलीबाई नाव तिचं. साखर आहे, आणि मी एवढी डोळ्यांची डॉक्टर, पण तिने मला आजवर डोळा दाखवला नाही. म्हणते, कालपर्यंत तुझं नाक मी पुसत होते, तुला काय कळतं. तुम्ही तिला एक फोन कराल का? नियम सगळ्यांना सांगता तसाच सांगा.”

सदाशिवरावांनी लगेच फोन लावला. बिजलीबाईंचा आवाज खणखणीत होता. नियमासकट चूर्णाची कीर्ती कोण्या नातलगाकडून त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“चूर्ण पाठवा,” त्या म्हणाल्या. “पण डोळे कोन्या डाक्टरले दाखवू? मले इथलं कोणी पटत नाही.”

“यवतमाळले एक मॅडम आहे,” सदाशिवराव म्हणाले. “राठोड नावाच्या. वयानं लहान आहे, पण लय हुशार. माझ्या भावाचा डोळा गेला, माझाबी चाललाच होता. त्यायनं वाचवला. आज मले माझ्या पोराचं तोंड दिसते, ते त्यायच्या हातानं.”

 फोनवर नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

“ते माझीच पोरगी होय,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो काय? मंग नशीबवान आहे तुमी.”

“हुशार आहे म्हणता?”

“माझ्या डोळ्यानं सांगतो ना बाई.”

पुन्हा कोंबड्या ऐकू आल्या. मग बिजलीबाईंनी कोणाला तरी हाक मारली आणि दिग्रसहून सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, ते विचारलं.